झेडएक्स स्पेक्ट्रमचं चित्र आजच्या टीव्हीवर: कंपोझिट आउटपुट काढण्याची पूर्ण कृती

जुना झेडएक्स स्पेक्ट्रम हाती आला की पहिली अडचण बहुतेक वेळा संगणकाची नसते, टीव्हीची असते. यंत्र चालू होतं, पण दाखवायचं कशावर? १९८२ साली सिंक्लेअर रिसर्चने हा संगणक इंग्लंडमध्ये बाजारात आणला, तेव्हा १६ केबीचं यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ केबीचं १७५ पौंडांना होतं. एवढ्या कमी पैशांत मॉनिटर देणं शक्यच नव्हतं, म्हणून घरातलाच टीव्ही वापरायचा असा हिशोब होता. त्यासाठी आत पत्र्याच्या डबीत एक मॉड्युलेटर (चित्राचा सिग्नल टीव्ही चॅनलच्या लहरीवर चढवणारं सर्किट) बसवला. चित्राचा सिग्नल त्याने यूएचएफ चॅनल ३६ वर, म्हणजे साधारण ५९१ मेगाहर्ट्झवर चढवायचा आणि टीव्हीने तो अँटेनाच्या वाटेने आत घेऊन पुन्हा उतरवायचा.

हा द्राविडी प्राणायाम इंग्लंडात खपून गेला, कारण तिथलं रंगीत प्रक्षेपण यूएचएफवरच होतं. आपल्याकडे तेव्हा दूरदर्शनचं मुख्य प्रक्षेपण त्याहून खालच्या वारंवारतेच्या व्हीएचएफ पट्ट्यावर होतं. त्या काळातल्या कितीतरी भारतीय टीव्हींना यूएचएफचा ट्यूनरच नव्हता, त्यामुळे काकांनी परदेशाहून आणलेला स्पेक्ट्रम घरी येऊन मुका बसला असेल तर नवल नाही. आजच्या एलईडी टीव्हीत ट्यूनर असतो, पण तो आपोआप शोधताना या अशक्त सिग्नलला ओलांडून पुढे जातो. हाताने ट्यून करून सापडला, तरी चित्र मुंग्या आल्यासारखं दिसतं.

उपाय साधा आहे. मॉड्युलेटरमध्ये शिरण्याआधी चित्राचा सिग्नल कंपोझिट रूपात, म्हणजे उजेड आणि रंग एकाच तारेवर एकत्र, तयारच असतो. तो तिथूनच उचलायचा आणि टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला द्यायचा. कामाला एक संध्याकाळ पुरते आणि सुटे भाग पन्नास रुपयांच्या आत येतात. इंटरनेटवर याच्या बऱ्याच कृती आहेत. त्यांतल्या काहींत मॉड्युलेटर उपटून काढतात, काहींत केसला नवीन भोक पाडतात. मला दोन्ही पटत नाही. हे यंत्र आता परत बनणार नाही, तेव्हा उद्या कुणाला ते मूळ रूपात हवं असेल तर अर्ध्या तासात पूर्ववत करता आलं पाहिजे. खालच्या कृतीत बोर्डावरचा एकही ट्रॅक कापायचा नाही, केसला हात लावायचा नाही आणि मॉड्युलेटरची डबी जागेवरच ठेवायची.

चित्र कुठे तयार होतं

हे कळलं नाही तर पुढे बिघाड शोधताना अंधारात चाचपडावं लागतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बोर्डावर फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए नावाची मोठी चिप आहे. मेमरीतले ६९१२ बाइट वाचून ती चित्र रचते. त्यातले ६१४४ बाइट ठिपक्यांचे आणि ७६८ बाइट रंगांचे. ठिपके २५६ बाय १९२, पण रंग मात्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून दोनच. स्पेक्ट्रमच्या खेळांत हिरवा माणूस पिवळ्या झाडामागून गेला की झाडही हिरवं होतं, ते यामुळे. टीव्हीला कसंही जोडलं तरी ते तसंच राहणार.

यूएलए लाल, हिरवा, निळा असे तीन सिग्नल देत नाही. तिच्यातून उजेडाचा एक सिग्नल बाहेर पडतो (त्यातच सिंक, म्हणजे ओळी जागेवर धरणारा इशारा, असतो) आणि रंगफरकाचे दोन. हे दोन रंगफरक एलएम१८८९ या चिपकडे जातात. तिथे शेजारच्या ४.४३ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या आधाराने त्यांचा पाल (रंगीत टीव्हीची एक पद्धत) प्रकारचा रंगसिग्नल होतो. मग दोन ट्रान्झिस्टरांच्या मदतीने उजेड आणि रंग एकत्र येतात. हाच कंपोझिट व्हिडिओ. तो एका तारेने मॉड्युलेटरच्या डबीत जातो, आणि आपल्याला हवी आहे ती हीच तार.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर निराशा नको. यूएलएचं घड्याळ १४ मेगाहर्ट्झच्या वेगळ्या क्रिस्टलवर चालतं आणि रंगाचं ४.४३ च्या. दोघांचा एकमेकांशी ताळमेळ नाही. त्यामुळे रंगांच्या कडांवर बारीक सळसळ दिसते, विशेषतः लाल आणि निळ्या अक्षरांभोवती. कंपोझिट काढल्यावर मुंग्या जातील, अक्षरं ठळक होतील, पण ही सळसळ राहणारच.

आधी यंत्र जिवंत आहे का ते बघा

चित्र येत नाही म्हणजे मॉड्युलेटर गेला, असं बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात मॉड्युलेटर क्वचितच जातो. मेमरी जाते, वीज जाते, कीबोर्डची पट्टी तुटते. बिघडलेल्या यंत्राला कंपोझिट जोडलं तर बिघाडच जास्त स्पष्ट दिसेल, एवढंच.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअरचा आहे आणि त्याच्या पिनची ध्रुवता आजच्या बहुतेक अडॅप्टरांच्या उलट आहे: मध्यभागी ऋण, बाहेर धन. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर 'बसतोय की' म्हणून खुपसाल तर यंत्र हातचं जाईल. पिन खुपसण्याआधी मल्टिमीटरने मोजा. मूळ अडॅप्टर रेग्युलेटेड नसल्यामुळे रिकामा मोजला तर ९ पेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो. त्याने घाबरायचं कारण नाही.

चालू केल्यावर कान द्या. स्पेक्ट्रमची कळ दाबली की आतल्या छोट्या स्पीकरमधून बारीक टिकटिक येते. चित्र नसताना टिकटिक येत असेल तर प्रोसेसर, रॉम आणि बरीचशी मेमरी ठीक आहे असं समजायला हरकत नाही. आवाज नसेल तर कीबोर्डची पट्टी तुटलेली असू शकते, म्हणून एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नका.

जमलं तर एकदा अँटेनाच्या वाटेनेही चित्र बघून घ्या. टीव्हीत हाताने ट्यून करण्याचा पर्याय निवडा आणि ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास हळूहळू सरकवा. पांढरा पडदा आणि तळाशी '१९८२ सिंक्लेअर रिसर्च लि.' ही ओळ दिसली, तर यंत्र धडधाकट आहे.

सामान

तापमान ठरवता येणारा सोल्डरिंग आयर्न असेल तर उत्तम. नसेल तर २५ वॉटचा साधा चालेल, पण ६० वॉटचा नको, त्याने बोर्डावरचं तांबं उचकटतं. फ्लक्स असलेली ६०/४० सोल्डर वायर, सोल्डर ओढायचा पंप, मल्टिमीटर, हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारं इन्सुलेशन), फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. भागांमध्ये १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घ्या. शिवाय एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि ७५ ओहमचा एक रेझिस्टर जवळ ठेवा (७५ चा न मिळाल्यास ६८ चा). ते लागतीलच असं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं एकाच दुकानात मिळतं. दुकानदार कपॅसिटर एक देणार नाही, दहा देईल. घ्या, पुढे कामाला येतात.

उघडणं

रबरी कळांच्या स्पेक्ट्रमला खालच्या बाजूने पाच स्क्रू आहेत. ते काढून यंत्र सुलटं करा आणि वरचं झाकण हळूच एका बाजूने उचला. झटक्यात उचलायचं नाही, कारण कीबोर्डच्या दोन पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या बोर्डावरच्या सॉकेटांत अडकलेल्या असतात, एक अरुंद आणि एक रुंद. चाळीस वर्षांनी हे प्लास्टिक कडक झालेलं असतं. पट्टी सॉकेटाजवळ दोन बोटांत धरा आणि सरळ वर ओढा, वाकवू नका. तुटली तर नवी पट्टी मिळते, पण मागवून घ्यावी लागते आणि तोवर काम अडून राहतं.

आता बोर्ड समोर आला. वरच्या डाव्या कोपऱ्यात पत्र्याची चकचकीत डबी आहे, तोच मॉड्युलेटर. तिच्यावर अॅस्टेकचा यूएम१२३३ असा क्रमांक सापडेल. मागच्या बाजूला तिचंच आरसीए सॉकेट केसमधून डोकावतं. हे सॉकेट आपल्या फार उपयोगाचं आहे, कारण आकाराने ते आजच्या पिवळ्या एव्ही सॉकेटासारखंच आहे. म्हणून तर केसला भोक पाडायची गरज नाही.

बोर्डावर छापलेला इश्यू क्रमांकही (म्हणजे बोर्डाची आवृत्ती) बघून ठेवा. इश्यू १ आणि २ मध्ये रंग जुळवायचे छोटे पॉट (फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) असतात, इश्यू ३ पासून ते काढून टाकले. पुढे रंगांचा भाग येईल तेव्हा हा क्रमांक लागेल.

दोन तारा ओळखणं

डबीच्या बाजूच्या भिंतीतून दोन तारा बोर्डाकडे जातात. एक ५ व्होल्टची, दुसरी चित्राची. कुठली कुठली हे फोटोवरून ठरवू नका. इश्यूप्रमाणे मांडणी बदलते, आणि आधीच्या कुणी दुरुस्तीत अदलाबदल केली असेल तर तेही कळत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि काळं टोक मॉड्युलेटरच्या पत्र्याला लावा (तो पत्रा म्हणजेच ग्राउंड). यंत्र चालू करून लाल टोक एकेका तारेला टेकवा. जिथे ठणठणीत ५ व्होल्ट दिसतील ती विजेची. जिथे त्याहून कमी आकडा दिसेल ती चित्राची. लगेच बंद करा, अडॅप्टर काढा आणि विजेच्या तारेला मार्करने खूण करा. मोबाइलवर दोन फोटोही काढून ठेवा, पूर्ववत करताना तेच कामाला येतात.

खरं काम

डबीचं झाकण दाबून बसवलेलं असतं. कडेने हलकेच उचकटलं की निघतं. आत बघा: आरसीए सॉकेटाची मधली पिन आत आलेली दिसेल आणि तिला एका रेझिस्टरचा पाय सोल्डर केलेला असेल. तो पाय सोल्डर वितळवून मोकळा करा, पिनेपासून बाजूला वाकवा आणि त्यावर हीटश्रिंकचा तुकडा चढवा. कापू नका. पुन्हा जोडायची वेळ आली तर तोच पाय लागणार आहे.

आता बाहेरच्या दोन तारा. त्या बोर्डाच्या बाजूने न काढता डबीच्या बाजूने काढा. बोर्डावरचं तांबं नाजूक असतं, डबीचा पत्रा दणकट. ५ व्होल्टच्या तारेच्या मोकळ्या टोकावर हीटश्रिंक चढवून ती बाजूला दुमडून ठेवा. ही तार काढायचं कारण असं की मॉड्युलेटरला वीज मिळत राहिली तर त्याच्यातला ऑसिलेटर चालूच राहतो आणि आपल्या स्वच्छ चित्रावर तिरक्या रेघा उमटवतो. हे न करता नुसतीच चित्राची तार जोडणारे बरेच असतात, आणि मग 'कंपोझिट काढूनही चित्र खराबच' अशी तक्रार करतात.

उरली चित्राची तार. तिला कपॅसिटरचा धन पाय जोडा आणि ऋण पाय सॉकेटाच्या मधल्या पिनेला. ज्या बाजूला पट्टा आणि उणे चिन्ह छापलेलं असतं तो ऋण पाय. दिशा अशीच का, तर बोर्डाकडच्या तारेवर चित्रासोबत काही व्होल्टांचा स्थिर दाब असतो. टीव्हीला तो नको असतो. कपॅसिटर तो अडवतो आणि बदलता सिग्नल तेवढा पुढे सोडतो. दोन्ही पायांवर हीटश्रिंक हवं, कारण आजूबाजूला सगळा पत्राच आहे. कपॅसिटर डबीच्या आतच आडवा बसतो. तार डबीच्या मूळ भोकातून किंवा झाकणाच्या फटीतून आत घ्या, आणि झाकण लावताना ती चिमटीत सापडणार नाही एवढं बघा.

वीज देण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन गोष्टी तपासा. सॉकेटाची मधली पिन आणि पत्रा यांच्यात बीप येता कामा नये. ५ व्होल्टची मोकळी तार आणि पत्रा यांच्यातही नको. दुसऱ्या तपासणीत कपॅसिटर भरत असताना क्षणभर बीप येऊन थांबला तर हरकत नाही, सलग वाजत राहिला तर शॉर्ट शोधा.

पहिलं चित्र

साधी आरसीए केबल टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटाला लावा. बऱ्याच नव्या टीव्हींना तीन रंगांची सॉकेटं नसतात, हेडफोनसारखं एकच एव्हीचं भोक असतं आणि त्याला जोडायची केबल टीव्हीबरोबर येते. ती हरवली असेल तर बाजारातली कुठलीही घेऊन चालत नाही. वेगवेगळ्या टीव्हींत पिनांचा क्रम वेगळा असतो, आणि चित्र पिवळ्याऐवजी लाल सॉकेटातून येतंय असे प्रकार घडतात. चित्र नाही आलं तर आधी तिन्ही सॉकेटांत लावून बघा, मगच सोल्डरवर संशय घ्या.

कीबोर्ड न जोडताच चालू करा. क्षणभर काळा पडदा, मग पांढरा, आणि तळाशी ती ओळ. आली? तर बंद करून कीबोर्डच्या पट्ट्या बसवा आणि रंग तपासा. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये शब्द टाइप करावा लागत नाही. ओळीच्या सुरुवातीला 'बी' दाबलं की 'बॉर्डर' हा अख्खा शब्द उमटतो. तसंच 'एफ' म्हणजे फॉर, 'एम' म्हणजे पॉझ, 'एन' म्हणजे नेक्स्ट, 'जी' म्हणजे गो टू. सिंबल शिफ्ट धरून 'एफ' दाबलं की टू, 'एल' दाबलं की बरोबरचं चिन्ह, 'झेड' दाबलं की अपूर्णविराम (:). एवढ्यात हा कार्यक्रम बसतो:

१० फॉर एन = ० टू ७
२० बॉर्डर एन : पॉझ ५०
३० नेक्स्ट एन
४० गो टू १०

'आर' दाबून एंटर केलं की दर सेकंदाला कडेचा रंग बदलतो: काळा, निळा, लाल, मॅजेंटा, हिरवा, सायन, पिवळा, पांढरा. हा क्रम उगाच ठरवलेला नाही, अंधाराकडून उजेडाकडे जाणारा आहे. टीव्हीचा रंग शून्यावर आणून बघितलं तर करड्या छटांच्या आठ पायऱ्या एकेक करून चढताना दिसतात. पायऱ्या नीट दिसतायत पण रंग गडबडलाय, तर दोष रंगाच्या बाजूला, म्हणजे एलएम१८८९ किंवा तिच्या आसपास. पायऱ्याच नीट नाहीत, तर उजेडाच्या वाटेत काहीतरी आहे. बिघाडाची अर्धी वाट या एका चाचणीने कापली जाते.

चित्र फार भडक किंवा लोळतंय

सगळ्याच टीव्हींना ही साधी जोडणी मानवत नाही. टीव्हीच्या सॉकेटाला ७५ ओहमचा भार असतो आणि बोर्डावरचा ट्रान्झिस्टर तो ओढण्यासाठी बनवलेला नाही. पांढरा रंग डोळ्यांवर येतो, चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो, किंवा टीव्ही अधूनमधून 'सिग्नल नाही' म्हणतो. तेव्हा मध्ये बीसी५४७ घालायचा.

जोडणी सोपी आहे, कारण आपण मोकळ्या केलेल्या दोन्ही तारा इथे कामाला येतात. ५ व्होल्टची तार कलेक्टरला, चित्राची तार बेसला, आणि एमिटरपासून ७५ ओहमचा रेझिस्टर घेऊन सॉकेटाच्या मधल्या पिनेला. या रचनेत कपॅसिटर काढून टाकला तरी बहुतेक टीव्ही खूश असतात. कपॅसिटर ठेवायचाच असेल तर तो एमिटर आणि रेझिस्टर यांच्या मध्ये, धन बाजू एमिटरकडे. पण मग एमिटरपासून ग्राउंडकडे ३३० ते ४७० ओहमचा आणखी एक रेझिस्टर लागतो, नाहीतर ट्रान्झिस्टरला करंट सोडायला वाटच उरत नाही.

बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, असा धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदाराने त्याऐवजी २एन३९०४ दिला तर तोही चालतो, पण त्याचे पाय बरोबर उलट क्रमाने आहेत.

रंगच नाहीत

चित्र स्वच्छ पण कृष्णधवल आलं तर आधी टीव्हीच्या मेनूत रंगपद्धत 'ऑटो' वरून 'पाल' करा. स्पेक्ट्रमचा सिग्नल पाल असला तरी नियमाला धरून नाही. एका चित्रात ३१२ पूर्ण ओळी असतात, प्रमाण पालमध्ये तीनशे साडेबारा. त्या अर्ध्या ओळीच्या फरकामुळे काही नवे टीव्ही गोंधळतात. जुना काचेच्या नळीचा टीव्ही असल्या बाबतीत कुरकुर करत नाही, म्हणून तपासणीपुरता कुणाकडून तरी मागून आणायला हरकत नाही. एव्हीचं एचडीएमआय करणाऱ्या स्वस्त डब्यांचा मला काही चांगला अनुभव नाही. त्या चित्र धुरकट करतात, आणि काहींना या ३१२ ओळी पचतच नाहीत.

टीव्ही बदलूनही रंग आले नाहीत, तर बोर्डावर ४.४३ च्या क्रिस्टलजवळ छोटा ट्रिमर आहे का ते शोधा. तो हलकेच फिरवला की एका जागी रंग पकडले जातात. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर वापरा. लोखंडी टोक जवळ नेल्यानेच वारंवारता सरकते आणि हात काढला की रंग पुन्हा गायब. १४ च्या क्रिस्टलजवळचा दुसरा ट्रिमर मात्र सोडून द्या, तो रंगाचा नाही. इश्यू १ आणि २ वर रंग आहेत पण पांढऱ्याला गुलाबी किंवा हिरवट झाक आहे, असं दिसलं तर ते दोन पॉट बघा. बॉर्डर पांढरी ठेवून, मूळ जागेची खूण करून, थोडं थोडं फिरवत झाक जाईपर्यंत आणायचं.

ठिपक्यांचा गोंधळ दिसतोय

पडद्यावर उभ्या पट्ट्या, रंगीत चौकोन, अक्षरांचा पत्ता नाही. हे चित्राच्या वाटेतलं दुखणं नव्हे, मेमरीचं किंवा विजेचं. कंपोझिटचं काम तुम्ही नीट केलंय, म्हणून तर पट्ट्या इतक्या सुबक दिसतायत.

खालच्या १६ केबीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप आहेत आणि त्यांना तीन वेगवेगळे दाब लागतात: १ नंबरच्या पायाला उणे ५, ८ नंबरला १२, ९ नंबरला ५ व्होल्ट. ग्राउंड १६ नंबरला. उणे ५ आणि १२ बोर्डावरच एका कॉइलच्या सर्किटमधून तयार होतात आणि ते सर्किट या यंत्राचं जुनं दुखणं आहे. उणे ५ गेलं की या चिप लवकर मरतात, तेव्हा ते नसताना यंत्र चालू ठेवून 'जरा बघूया' करू नका. मोजताना टोक घसरून ८ नंबरचे १२ व्होल्ट शेजारच्या ७ नंबरला लागले तरी चिपचा बळी जातो. मल्टिमीटरच्या टोकावर थोडी हीटश्रिंक चढवून फक्त अणी उघडी ठेवली की हा धोका बराच कमी होतो.

टीव्हीच्या पोटात हात घालायचा का?

संगणकाऐवजी जुन्या टीव्हीलाच एव्ही सॉकेट बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते. छोटा कृष्णधवल टीव्ही आणि त्याच्या मागे एक आरसीए, दिसायला छानच. माझं उत्तर नाही असं आहे. काचेच्या नळीत बंद केल्यानंतरही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर आहे आणि कमी लोकांना ठाऊक असतं. जुन्या कितीतरी टीव्हींची चेसिस थेट मेनशी जोडलेली असते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. अशा टीव्हीला सॉकेट बसवलंत की त्याच्या पत्र्यावर, केबलवर आणि पर्यायाने स्पेक्ट्रमवर २३० व्होल्ट येऊ शकतात. हे काम टीव्हीचा जाणकार कारागीर आयसोलेशन तपासूनच करू शकतो.

इतर यंत्रांबद्दल थोडक्यात

ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन भारतात डीबी स्पेक्ट्रम प्लस विकला. तो हाती आला तर वरचीच कृती लागू करा, पण तारा मोजूनच ओळखा.

शाळांच्या अडगळीत बीबीसी मायक्रो सापडण्याचीही शक्यता असते, कारण १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पात ही यंत्रं भारतातल्या शाळांना दिली गेली. त्याला मागे कंपोझिटचं बीएनसी सॉकेट आधीपासूनच आहे, पण चित्र कृष्णधवल येतं. तो बिघाड नव्हे. बोर्डावरची एस३९ ही जोडणी सोल्डरने बंद केली की त्याच सॉकेटातून रंग येतात. एका थेंबाचं काम.

स्पेक्ट्रम १२८ आणि करड्या रंगाचा प्लस टू यांना उघडायचीच गरज नाही. मागच्या आठ पिनांच्या गोल आरजीबी सॉकेटात १ नंबरच्या पिनेवर कंपोझिट आणि २ वर ग्राउंड मिळतो. सॉकेटात बसणारा डिन प्लग आणि आरसीए केबल घेतली की झालं. काळा प्लस टू ए आणि प्लस थ्री यांचं सॉकेट दिसायला तसंच आहे, पण तिथे १ नंबरच्या पिनेवर कंपोझिट नसून १२ व्होल्ट आहेत. तेव्हा करड्या यंत्रासाठी बनवलेली केबल काळ्या यंत्राला लावायची नाही. केबलच्या डोक्यावर यंत्राचं नाव लिहून चिकटपट्टी लावा.